एकतीस तारखेपासून एक महिना

२०२४ च्या हिवाळ्यात नांदेड येथे माध्यमिक शिक्षकांच्या एका संगणक-कार्यशाळेसाठी आम्ही गेलो होतो. विषय साधा होता : शाळेच्या नोंदी स्प्रेडशीटवर कशा ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत एक ज्येष्ठ गुरुजी लॅपटॉप घेऊन आमच्याजवळ आले. त्यांच्या शाळेतील लिपिकाने सर्व शिक्षकांची यादी केली होती. नाव, जन्मतारीख, नेमणुकीची तारीख आणि शेवटच्या रकान्यात सेवानिवृत्तीची तारीख. हा शेवटचा रकाना हाताने नव्हे तर सूत्राने भरला होता, आणि लिपिकाला त्याचा अभिमानही वाटत होता. गुरुजींची जन्मतारीख १ जून १९६७. यादीत त्यांची सेवानिवृत्ती ३० जून २०२५ ला दाखवली होती.

"सर, माझ्या हिशेबाने ३१ मे येते. संगणक ३० जून म्हणतो. संगणक कसा चुकेल?"

संगणक चुकला नव्हता. त्याला जे विचारले होते त्याचे उत्तर त्याने बरोबर दिले होते. प्रश्नच वेगळा विचारला गेला होता. पण गुरुजींच्या दृष्टीने हा फरक पूर्ण एका महिन्याचा होता. जूनचा पगार बिलात लागला असता, पुढे केव्हातरी तो जादा दिलेला म्हणून वसूल झाला असता आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तेवढ्यासाठी अडकली असती. शिवाय त्या यादीत १ जून ही जन्मतारीख असलेले ते एकटे नव्हते. मराठवाड्यातील कोणत्याही शिक्षकाला याचे नवल वाटणार नाही. घरी जन्माची आठवण 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' अशी असायची, शाळा जूनमध्ये उघडायची, आणि नाव घालताना गुरुजी सहा वर्षे पुरी होतील अशा बेताने १ जून लिहून टाकायचे. एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख अशी शाळेच्या टेबलावर ठरली. ती पिढी आता सेवानिवृत्त होत आहे.

सूत्र असे होते. (संगणकावर ही नावे रोमन अक्षरांतच द्यावी लागतात, येथे ती उच्चाराप्रमाणे छापली आहेत. बी२ या सेलमध्ये जन्मतारीख आहे असे समजावे.)

=ईओमंथ(ईडेट(बी२, ६९६), ०)

ईडेट हे फलन दिलेल्या तारखेत महिने मिळवते. ५८ वर्षांचे महिने ६९६. ईओमंथ त्या महिन्याची अखेरची तारीख देते. म्हणजे 'ज्या महिन्यात ५८ वर्षे पुरी होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी' हे अर्धे वाक्य या सूत्रात अगदी नेटके उतरले आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये मात्र आणखी एक अर्धे वाक्य आहे : ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. ते सूत्रात आले नव्हते. ते आणायला फार काही करावे लागत नाही :

=ईओमंथ(बी२-१, ६९६)

जन्मतारखेतून आधी एक दिवस वजा करायचा आणि मग महिने मोजायचे. १ जूनचा ३१ मे होतो आणि उत्तर ३१ मे २०२५ येते. १५ जूनचा १४ जून होतो, पण महिना तोच राहतो, म्हणून उत्तर ३० जूनच राहते. दुसरे सूत्र पहिल्यापेक्षा आखूडही आहे. गुरुजींना ते एका मिनिटात पटले.

आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. अशा प्रशिक्षणांत जी टिपणे वाटली जातात त्यांत तारखांच्या फलनांना एकेक ओळ दिलेली असते. 'ईडेट – तारखेत महिने मिळवणे अथवा वजा करणे.' पुढे उदाहरण, आणि विषय संपला. आमच्या हाती आलेल्या अशा टिपणांतील उदाहरणे आम्ही त्या रात्री पुन्हा पाहिली. तारखा होत्या १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे, १७ सप्टेंबर. आपले सगळे महत्त्वाचे दिवस असे सोयीच्या तारखांना येतात! त्यांत कितीही महिने मिळवा, काही बिघडत नाही. टिपणांवर आमचा पहिला आक्षेप हाच आहे. जेथे काही घडतच नाही अशा जागी उदाहरण घ्यायचे आणि सूत्र शिकवून झाले असे समजायचे, हे प्रयोगशाळेत कोऱ्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शक शिकवण्यासारखे आहे.

३१ जानेवारी २०२५ ही तारीख घेऊ आणि तीत एक महिना मिळवू.

=ईडेट(ए२, १) हे सूत्र २८ फेब्रुवारी देते. 
=डेट(इयर(ए२), मंथ(ए२)+१, डे(ए२)) हे सूत्र ३ मार्च देते. 
=ए२+३० हे सूत्र २ मार्च देते.

तिन्ही सूत्रे प्रचारात आहेत आणि तिन्ही 'एक महिना मिळवण्यासाठी' म्हणून शिकवली जातात. दुसरे सूत्र जुन्या मंडळींच्या बोटांत बसले आहे, त्याला कारण आहे. एक्सेलच्या २००७ पूर्वीच्या आवृत्त्यांत ईडेट मूळ फलनांत नव्हते. ते एका जोडपुरवणीतून वेगळे चालू करावे लागे. म्हणून वर्ष, महिना, दिवस सुटे करून पुन्हा जोडण्याची युक्ती रूढ झाली. ही युक्ती '३१ फेब्रुवारी' अशी तारीख बनवते, ती अस्तित्वात नाही हे संगणकाच्या लक्षात येते आणि तो उरलेले तीन दिवस पुढच्या महिन्यात ओततो. ईडेट मात्र जास्तीचे दिवस छाटून टाकते. एक ओतते आणि एक छाटते. यांतले बरोबर कोणते, हे गणित सांगू शकत नाही.

कारण महिना हे मोजमापाचे एककच नाही. सेकंद हे एकक आहे, दिवसही व्यवहारापुरते एकक म्हणून चालतो. महिना २८ ते ३१ दिवसांत कितीचाही असतो. कापडाच्या दुकानात मीटरपट्टी कधी १०० सेंटिमीटरची आणि कधी ९० सेंटिमीटरची असावी, तसा हा प्रकार आहे. खगोलशास्त्रज्ञ म्हणूनच महिन्यांच्या फंदात पडत नाहीत. ज्युलियन दिनांकांच्या पद्धतीने ते नुसते दिवस मोजत जातात. स्प्रेडशीटही आतून तेच करते. तिच्या पोटात प्रत्येक तारीख हा एक दिवसक्रमांक असतो. १ जानेवारी २००० म्हणजे ३६५२६. दिवस मिळवणे ही त्यामुळे खरी बेरीज आहे. महिने मिळवणे म्हणजे एका नियमाची अंमलबजावणी, आणि तो नियम कोणता हे आपण आधी ठरवायला हवे.

गणिताच्या शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. बेरजेचे जे गुणधर्म आपण पाचवीपासून गृहीत धरतो ते येथे लागू पडत नाहीत. ३१ जानेवारीत एकदम दोन महिने मिळवले की ईडेट ३१ मार्च देते. एक महिना आणि मग पुन्हा एक महिना असे मिळवले तर २८ मार्च येते. ३१ मार्चमधून एक महिना वजा करून पुन्हा मिळवला तर आपण ३१ मार्चला परत येत नाही, २८ मार्चला येतो. गेलेले तीन दिवस परत मिळत नाहीत, कारण २८ फेब्रुवारीवर उभे राहिल्यावर आपण २८ वरून आलो की ३१ वरून, याची खूण कोठेच राहिलेली नसते.

व्यवहारात ही चूक फार सहज होते. पतसंस्थेच्या कर्जाच्या हप्त्यांच्या तारखा काढायच्या आहेत. पहिल्या सेलमध्ये ३१ जानेवारी लिहिली, खालच्या सेलमध्ये 'वरच्यात एक महिना' असे सूत्र दिले आणि ते माऊसने खाली ओढले. फेब्रुवारीत तारीख २८ वर येते आणि मग वर्षभर २८ च राहते. बारा हप्ते, सगळे सुबक, एकाही सेलमध्ये लाल खूण नाही. उपाय असा की प्रत्येक हप्ता मूळ तारखेपासूनच मोजावा :

=ईडेट($ए$२, रो()-२)

येथे पहिली तारीख ए२ मध्ये आहे आणि सूत्र तिसऱ्या ओळीपासून सुरू होते. डॉलरच्या खुणांमुळे मूळ सेल जागेवर राहते.

अशा चुका वर्षानुवर्षे सापडत का नाहीत, तेही मोजून पाहण्यासारखे आहे. साध्या वर्षात एक महिना मिळवताना छाटणारे आणि ओतणारे सूत्र वेगळे उत्तर देते अशा तारखा किती? २९, ३० आणि ३१ जानेवारी, मग ३१ मार्च, ३१ मे, ३१ ऑगस्ट आणि ३१ ऑक्टोबर. एकूण सात. ३१ जुलै आणि ३१ डिसेंबर वाचतात, कारण त्यांच्या पुढचे महिनेही ३१ चेच आहेत. ३६५ पैकी ३५८ तारखांना दोन्ही सूत्रे एकच बोलतात. शंभर नोंदींत सरासरी दोन ठिकाणी फरक पडणार, आणि तपासणारा नेमक्या त्याच दोन ओळी उघडेल याचा भरवसा नाही.

मग नियम ठरवतो कोण? कायदा, करार किंवा शासनाचा आदेश. भारतात सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ मध्ये महिना म्हणजे ब्रिटिश दिनदर्शिकेप्रमाणे मोजलेला महिना अशी व्याख्या आहे. पण ३१ तारखेचे काय, हे व्याख्येतून कळत नाही. ते न्यायालयांनी ठरवले. इंग्लंडमधील डॉड्स विरुद्ध वॉकर हा १९८१ चा खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. एका भाडेकरूला ३० सप्टेंबर १९७८ रोजी नोटीस मिळाली आणि चार महिन्यांच्या आत न्यायालयात अर्ज करायचा होता. त्याने ३१ जानेवारी १९७९ ला अर्ज केला. त्याचे म्हणणे असे की ३० सप्टेंबर हा महिन्याचा शेवटचा दिवस, तेव्हा मुदतही जानेवारीच्या शेवटच्या दिवशी संपावी. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याने ईओमंथ वापरले. निकाल त्याच्या विरुद्ध गेला : महिन्यांत मोजलेली मुदत पुढच्या महिन्यातील त्याच क्रमांकाच्या तारखेला संपते, आणि तशी तारीख नसेल तरच महिन्याच्या अखेरच्या दिवशी. म्हणजे ३० जानेवारी. एका दिवसाने त्याचा अर्ज उशिरा ठरला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध हिमाचल टेक्नो इंजिनियर्स या २०१० च्या निकालात हाच नियम मानला आणि तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत, असे स्पष्ट केले.

आता पाहा, त्याच क्रमांकाची तारीख आणि नसेल तर महिनाअखेर, हे ईडेटचे तंतोतंत वर्णन आहे! तेव्हा ईडेट हे फलन वाईट नाही. मुदत मोजण्यासाठी ते तिन्हींत उत्तम आहे. आमची तक्रार एवढीच की तो नियम पाळला जातो आहे हे सूत्रही सांगत नाही आणि टिपणही सांगत नाही.

आणि मुदत मोजणे हा एकच प्रश्न नाही. सेवेचा कालावधी मोजणे हा वेगळा. येथे भाषाही थोडी घोळ घालते. इंग्रजी कायद्याच्या भाषेत अमुक तारखेपासून म्हटले की ती तारीख वगळतात. १८९७ च्या त्याच अधिनियमात तसे कलम आहे. मराठीत 'पासून' म्हटले की ती तारीख धरतात. 'शाळा १५ जूनपासून सुरू' असा फलक लागल्यावर १६ तारखेला येणाऱ्या मुलाला आपण वेळेवर आलेला म्हणत नाही. १ जुलै २०२१ ला रुजू झालेल्या शिक्षण सेवकाची तीन वर्षे ईडेटने मोजली तर १ जुलै २०२४ येते. पण त्याची तीन वर्षे ३० जूनलाच पुरी झाली. १ जुलै हा चौथ्या वर्षाचा पहिला दिवस. म्हणून उत्तरातून एक वजा करावा लागतो. हे बहुतेकांना माहीत असते.

गंमत पुढे आहे. समजा कोणी २९ फेब्रुवारी २०२४ ला रुजू झाले. ३६ महिन्यांनी ईडेट २८ फेब्रुवारी २०२७ देते, त्यातून एक वजा केला की २७ फेब्रुवारी. सेवा एक दिवस कमी भरली! येथे ओतणारे सूत्र बरोबर ठरते : ते १ मार्च देते आणि एक वजा केल्यावर २८ फेब्रुवारी. पण तेच सूत्र ३१ जानेवारीला सुरू झालेला एक महिना २ मार्चपर्यंत लांबवते, तेही चालणार नाही. कार्यशाळेत आम्ही आणि तेथील तीन-चार गणित-शिक्षकांनी मिळून फळ्यावर पुढील सूत्र जमवले. सुरुवातीची तारीख ए२ मध्ये आणि महिने बी२ मध्ये आहेत :

=मिन(डेट(इयर(ए२), मंथ(ए२)+बी२, डे(ए२)), ईओमंथ(ए२, बी२)+१)-१

ओतू द्यायचे, पण पुढच्या महिन्याच्या १ तारखेपलीकडे नाही. मग एक दिवस मागे यायचे. एका बाईंनी याहून सोपे सुचवले होते : जसे सेवानिवृत्तीत केले तसे आधीच एक दिवस वजा करावा, =ईडेट(ए२-१, बी२). ते बऱ्याच तारखांना चालते. पण १ मार्च २०२५ पासूनचा एक महिना त्याने २८ मार्चला संपतो. बाईंनीच तो अपवाद शोधून काढला. त्या अर्ध्या तासात जेवढे गणित झाले तेवढे उरलेल्या तीन दिवसांत झाले नाही.

कधी कधी प्रश्न महिन्यांचा दिसतो, पण तसा नसतो. प्रसूती रजेला बोलताना सगळे सहा महिन्यांची रजा म्हणतात. राज्य शासनाच्या नियमात १८० दिवस आहेत. केंद्राच्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस झाले. आणि दिनदर्शिकेचे सहा महिने सुरुवातीनुसार १८१ ते १८४ दिवसांचे असतात. १ मार्चला सुरू झालेल्या १८० दिवसांच्या रजेला ईडेट लावले तर चार दिवस जादा जातात. येथे ईडेटचे कामच नाही. साधी बेरीज हवी.

वयाच्या बाबतीत तर सूत्र आणि न्यायालय उघडच भांडतात. डेटडिफ हे फलन दोन तारखांमधील पूर्ण वर्षे देते आणि प्रवेशाच्या वेळी मुलांची वये काढायला शाळांतून ते सर्रास वापरले जाते. प्रभुदयाल सेस्मा विरुद्ध राजस्थान राज्य या १९८६ च्या खटल्यात उमेदवाराचा जन्म २ जानेवारी १९५६ चा होता, आणि १ जानेवारी १९८४ रोजी त्याला २८ वर्षे पूर्ण झालेली असता कामा नयेत अशी अट होती. डेटडिफला विचारले तर ते २७ सांगते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जन्माचा दिवस पूर्ण धरायचा असतो, म्हणून वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच वय पुरे होते; १ जानेवारीला तो २८ चा झाला होता. उमेदवार अपात्र ठरला. १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस का निवृत्त होतो, त्याचा उलगडाही येथेच होतो. नांदेडच्या गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे ज्यांनी माझी तारीख १ जून लावली त्यांनी २ जून लावली असती, तर मला महिन्याचा पगार जास्त मिळाला असता." हिशेब अगदी बरोबर आहे.

डेटडिफवर आमचा आणखी एक आक्षेप आहे, आणि तो टिपणांवर नसून खुद्द एक्सेलवर आहे. या फलनात 'एमडी' असे चिन्ह दिले की महिने वगळून उरलेले दिवस मिळतात. ३१ जानेवारी २०२५ ते १ मार्च २०२५ यांसाठी ते उणे दोन दिवस सांगते! अशी चुकीची उत्तरे येऊ शकतात हे मायक्रोसॉफ्टने आपल्या मदतीच्या पानावर मान्यही केले आहे आणि हे चिन्ह वापरू नये असा सल्ला दिला आहे. तरी 'वय : वर्षे, महिने, दिवस' छापणाऱ्या शाळांच्या नमुन्यांत ते हटकून आढळते.

दुसरा दोष जुना आहे. एक्सेलच्या मते १९०० साली २९ फेब्रुवारी होती. ती नव्हती; शतकी वर्षाला ४०० ने भाग जात नसेल तर ते लीप वर्ष नसते. ही चूक मूळची १९८३ च्या लोटस १-२-३ ची. जुन्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून उचलली आणि आजही सांभाळली आहे. लिब्रे ऑफिसमध्ये ती नाही. १ मार्च १९०० पासून पुढे दोघांचे दिवसक्रमांक जुळतात, त्यामुळे व्यवहारात त्रास होत नाही. त्रास आणखी मागे गेल्यावर होतो. एक्सेलला १९०० पूर्वीची तारीख तारीख वाटतच नाही. स्वामी रामानंद तीर्थांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, तो चालतो. सावित्रीबाई फुले यांचा ३ जानेवारी १८३१ चा चालत नाही. जयंत्यांची यादी करणाऱ्या शिक्षकाला महिने मिळवायला गेल्यावर नुसता दोषसंदेश दिसतो. अशा वेळी एक साधी खूण उपयोगी पडते. खरी तारीख सेलमध्ये आपोआप उजव्या कडेला जाते, आणि संगणकाने नुसता मजकूर समजलेली तारीख डाव्या कडेला राहते. दिवस आधी की महिना आधी, या घोळात अडकलेल्या तारखाही याच खुणेने बऱ्याचदा पकडल्या जातात.

नांदेडहून आम्ही लातूरला गेलो. तेथे पहिल्याच तासाला आम्ही म्हणालो, प्रत्येकाने आपल्याला महत्त्वाची वाटणारी तारीख घ्यावी आणि तीत पाच महिने मिळवावेत. औसा तालुक्यातून आलेल्या एका बाईंनी ३० सप्टेंबर १९९३ घेतली. "आमच्याकडे सगळे तेथूनच मोजतात," एवढेच त्या म्हणाल्या. किल्लारीच्या भूकंपाची ही तारीख वर्गात कोणाला सांगावी लागली नाही. त्यांचे उत्तर २८ फेब्रुवारी १९९४ आले, शेजारच्या शिक्षकांचे २ मार्च. मग एक वयस्क शिक्षक म्हणाले की घरोघरी मासिक आणि वर्षश्राद्ध यांतल्या कोणत्याच तारखेने झाले नाही, ते तिथीने झाले.

ते खरे होते, आणि आमच्या विषयाला धरून होते. भूकंप झाला तो २९ तारखेला अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपल्यावर, पहाटे चारच्या सुमारास. त्या वर्षी भाद्रपद अधिक होता, म्हणून गणपती उशिरा आले होते. पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशी १८ सप्टेंबरला आली. बारा चांद्र महिने सुमारे ३५४ दिवसांचे. पंचांगाने वर्ष अकरा दिवस आधी भरले. चांद्र महिन्यातही नेमकी हवी ती तिथी कधी क्षय होते, कधी दोन दिवस राहते, कधी महिनाच दोनदा येतो. अशा वेळी काय करावे याचे निर्णय जुन्या ग्रंथांत लिहून ठेवलेले आहेत. काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास पंढरपुरात लिहिलेला धर्मसिंधु हा त्यांतला महाराष्ट्रात सर्वांत वापरला गेलेला. त्यामागची श्रद्धा कोणाला मान्य असो वा नसो, महिना मिळवताना निर्णय करावा लागतो आणि तो उघड लिहावा लागतो, एवढे त्या लेखकांना कळले होते. संगणकाच्या टिपणांत तेवढेच गाळले गेले आहे.

दिनदर्शिकाच सुटसुटीत केली तर? मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तीत वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आणि बाकीचे ३० चे. लीप वर्षी चैत्रही ३१ चा. २८ चा महिनाच नाही. तेव्हा अडचण फक्त ३१ तारखेची, आणि तीही जास्तीत जास्त एका दिवसाची. मुलांकडून दोन्ही दिनदर्शिकांतील अडचणीच्या तारखा मोजून घेण्यासारख्या आहेत.

लातूरला एका मुख्याध्यापकांनी आक्षेप घेतला की वरच्या कार्यालयातील प्रणाली हे सगळे हिशेब करतेच, शाळेत कशाला हा खटाटोप? आम्हाला तो पटला नाही. प्रणालीत भरली जाणारी जन्मतारीख शाळेतूनच जाते. तिचे उत्तर चुकले तर ते पहिल्यांदा ज्याला दिसेल असा माणूस शाळेतच असतो, जसे नांदेडचे गुरुजी. आणि त्यांना ती चूक दिसली ती संगणक येत होता म्हणून नव्हे. १ जूनला जन्मलेला सहकारी ३१ मे रोजी नारळ-शाल घेऊन घरी गेलेला त्यांनी पाहिला होता, म्हणून.

याच मुख्याध्यापकांनी जाताना आणखी एक अडचण सांगितली. २०२३ साली मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा त्यांच्याकडील सर्वांत जुने प्रवेश रजिस्टरही कपाटातून निघाले. त्यात तारखा फसली सनाच्या आहेत आणि महिने आजूर, दय, बहमन असे. त्या स्प्रेडशीटमध्ये कशा घालाव्यात? हैदराबाद संस्थानातील फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू होई. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणून १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा १९०७-०८ या सालचा, आणि १३५८ फसलीचा जहागिऱ्या नष्ट करणारा विनियम ऑगस्ट १९४९ चा. पण सन जुळला म्हणजे दिवस जुळला असे नाही, आणि या महिन्यांत ईडेट चालणार नाही. १३४० असा सन दिसला की संगणक तो मजकूर म्हणून ठेवील, किंवा घाईत कोणी दोनच अंक लिहिले तर १९४० समजून मुकाट्याने स्वीकारील. त्यांना आम्ही सुचवले की फसली तारीख रजिस्टरात आहे तशी मजकूर म्हणून एका रकान्यात ठेवावी, त्या रकान्याला आधीच 'टेक्स्ट' असे स्वरूप द्यावे, आणि जुन्या जंत्रीत पाहून काढलेली इसवी तारीख शेजारच्या रकान्यात लिहावी. सूत्रे लावायची ती फक्त त्या दुसऱ्या रकान्याला.